आपत्ती व्यवस्थापनात करिअर करायचं तर एम.ए. करावं का? की अनुभव पुरेसा असतो?

तुम्ही लिहिलंय की बी.एस्सी. झालीय, मुंबईला टाटा इन्स्टिट्यूटमधून आपत्ती व्यवस्थापन करायचं मनात आहे, आणि वडील म्हणतात, "हे अनुभवाचं काम, त्याला डिग्री कशाला?" त्या शेवटच्या वाक्यामुळे लिहायला बसले. बाकीचं आधी उरकते.

एनडीआरएफमध्ये, म्हणजे केंद्राच्या आपत्ती बचाव दलात, जायला म्हणून ही पदवी घेणार असाल तर घेऊ नका. तिथले जवान बीएसएफ, सीआरपीएफ, आयटीबीपी अशा दलांतून प्रतिनियुक्तीवर येतात. आग विझवायची असेल तर नागपूरला राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. कारखान्यात सेफ्टी ऑफिसर व्हायचं तर एडीआयएस हा औद्योगिक सुरक्षेचा डिप्लोमा लागतो, तिथं ही एम.ए. चालत नाही. एम.ए.वाल्यांचं काम पडतं ते जिल्ह्याचा आराखडा करायला, महापालिकेच्या आपत्ती कक्षात, निवारा केंद्रं उभी करायला आणि पाणी ओसरल्यावर वर्ष-दोन वर्षं चालणाऱ्या पुनर्वसनात. दोरीला लटकून माणसं काढायचं काम हवं असेल तर वाट वेगळी.

आता वडिलांचं म्हणणं. माझे चुलते, आम्ही तात्या म्हणतो, मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झाले. गाव कृष्णाकाठी, सांगलीच्या वरच्या अंगाला. २००५च्या महापुरात तात्यांनी खरंच जिवापाड काम केलं. लोक हलवले, शाळेत छावणी चालवली, जेवणाची पाकिटं मोजून वाटली. अजून गावात त्यांचं नाव घेतात, आणि ते योग्यच आहे. पाणी उतरल्यावर त्यांनी सोप्यातल्या भिंतीवर चिखलाची वरची कड शोधली, तिथं लाल ऑइलपेंटनं रेघ मारली आणि बाजूला "२००५" लिहिलं. आमच्याकडं अशा रेघा घरोघरी आहेत.

ऑगस्ट २०१९ला मी मुंबईत हाच विषय शिकत होते. कोयना, नवजा, महाबळेश्वरचे पावसाचे आकडे रोज बघत होते. धरणं भरलेली, पाऊस हटत नव्हता. गावातले सगळे कोयनेतून किती क्युसेक सोडले एवढंच विचारत होते. पण धरणाच्या खाली नदीला मिळणारा जो मुक्त पाणलोट असतो, तिथंही तसाच पाऊस कोसळत होता, आणि त्या पाण्याला दरवाजा नसतो. मी तात्यांना फोन केला, आजीला घेऊन आत्ताच बाहेर पडा. तात्या म्हणाले, "आगं, रेघंच्या वर पाणी येत न्हाई. मी डोळ्यानं बघितलंय. दोन वर्षं मुंबईत बसून तू आम्हाला पूर शिकवणार व्हय?"

त्यांनी तयारी केली नव्हती असं नाही. रेघेच्या वर हातभर उंचीवर फळ्या ठोकल्या, त्यावर धान्याची पोती, सातबारे, पासबुकं, चुलतभावाची सगळी सर्टिफिकेटं रचली. पूर्ण हिशोब २००५चा. सांगलीत आयर्विन पुलापाशी २००५ला पाणी ५३ फुटांच्या पुढं गेलं होतं, २०१९ला ५७च्या पुढं गेलं. तिथं धोक्याची पातळीच ४५ फूट आहे. फळ्यांवरचं सगळं गेलं. सातबारे नंतर निघाले, पण सर्टिफिकेटांचा लगदा झाला आणि पोरगा पुढं दोन भरत्यांना मुकला. तात्या आणि आजी बोटीतून निघाले. त्याच आठवड्यात सांगली जिल्ह्यातल्याच ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं बुडाली होती, तेव्हा ते काठाला लागेपर्यंत आमच्या घरात कुणाच्या घशाखाली घास उतरला नाही. म्हशी तेवढ्या वाचल्या. काकूला मी वेगळा फोन केला होता, आणि तिनं तात्यांना न विचारता त्या आदल्या दिवशीच माहेरी, माळावरच्या गावाला, हाकलून दिल्या होत्या.

काकूचंच पुढचं सांगते, कारण खरा मुद्दा तिथं आहे. ती ज्या छावणीत होती तिथं जेवण भरपूर होतं, कपडे ढिगानं येत होते. पण काकू दुपारनंतर पाणी पीत नव्हती. तिच्या आसपासच्या बायकाही पीत नव्हत्या. शौचालयं थोडी, दिवे नाहीत, कडी लागत नाही. आम्हाला पहिल्याच सत्रात स्फिअरची, म्हणजे मदतकार्यासाठी जगभर वापरली जाणारी, मानकं शिकवली होती: माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी, झोपायला-बसायला साडेतीन चौरस मीटर जागा, २० जणांमागे एक शौचालय, बायकांचं वेगळं आणि उजेडात. वर्गात हे आकडे कोरडे वाटतात. काकू लघवीच्या त्रासानं दवाखान्यात गेली तेव्हा प्रत्येक आकडा कुणाच्या तरी अंगावरून आलाय हे दिसलं. मी तात्यांना विचारलं, २००५च्या तुमच्या छावणीत बायकांचं काय होतं? म्हणाले, "तक्रार आली न्हाई." येणार कशी? त्यांच्यासारख्या मोठ्या माणसाकडं ही तक्रार घेऊन कोण बाई जाईल?

म्हणून मला "अनुभव पुरेसा" हे वाक्य सहन होत नाही. अनुभव मागच्या पुराचा असतो, आणि तोही ज्याला आला त्याच्या जागेवरून दिसला तेवढाच. विद्यापीठात दुसऱ्यांचे पूर शिकवतात, दुसऱ्यांच्या चुका शिकवतात, आणि मोजायला कुठून सुरुवात करायची ते शिकवतात. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा दख्खनचं पठार स्थिर आहे असंच बहुतेक जण धरून चालले होते. तिथं कुणाचा अनुभव कामी येणार होता? तात्या अजून लग्नाकार्यात चारचौघांत म्हणतात, "पूर शिकायला पोरगी मुंबईला गेली, पूर हितं घरात येतो." येतो ना तात्या, आणि रेघ बघून येत नाही.

पण एवढं बोलून झाल्यावर हेही सांगते. नुसत्या डिग्रीवर गावात कुणी उभं करत नाही. माझ्याबरोबरचे काही जण आराखड्यात पोलीस पाटलाचा बंद पडलेला नंबर तसाच छापतात, आणि रात्री दोनला गरज त्याच नंबरची पडणार असते. कोणत्या ओढ्याचं पाणी आधी रस्ता तोडतं हे तात्यांना माहीत आहे, कुठल्याच नकाशात नाही. आणि पगार: जिल्ह्यातली बरीच पदं कंत्राटी, मुदतवाढीची वाट बघत बसायची. घरची ओढाताण असेल तर कर्ज काढून एम.ए. करू नका. नोकरी करत इग्नूचा पदव्युत्तर डिप्लोमा होतो. क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, ते आजपासून शिका, मुलाखतीत त्याचंच काम पडतं. २००५चा आपत्ती व्यवस्थापन कायदा मूळातून वाचा, जिल्हाधिकाऱ्याचे अधिकार कुठं सुरू होतात ते कळेल.

आणि प्रवेश घेण्याआधी तहसील कार्यालयात अर्ज देऊन एक पावसाळा नियंत्रण कक्षात बसायला मिळतं का बघा. जमलं तर वडिलांनाही एक दिवस बरोबर न्या, रात्रपाळीला.