फिरत्या कॅमेऱ्याला थांबायला शिकवताना

संमेलने, प्रदर्शने अशा ठिकाणी स्वतःहून हिंडून फोटो काढणारा रोबो घरच्या घरी बनवू पाहणाऱ्या वाचकांची चार पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. चौघांच्या अडचणी वेगवेगळ्या असल्या, तरी चौघांनीही रोबो हिंडेल कसा याचा जितका विचार केला आहे, तितका तो थांबेल कुठे आणि कधी याचा केलेला दिसत नाही. त्यामुळे उत्तरांचा रोख बराचसा तिकडेच आहे.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. जमिनीवर आखलेल्या रेषेवरून चालणारी एक छोटी गाडी मी गेल्या वर्षी बनवली. तिच्यावरच कॅमेरा बसवून फोटो काढणारा रोबो करता येईल का? नवा सांगाडा करायचा झाल्यास मोटर किती ताकदीच्या घ्याव्यात, हेही कृपया कळवावे. — अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी

उत्तर : कॅमेरा बसवता येईल, पण निघालेले फोटो कोणी दुसऱ्यांदा पाहणार नाही. जमिनीपासून वीतभर उंचीवरून माणसांच्या हनुवट्या आणि नाकपुड्या दिसतात, शिवाय पाठीमागे छतावरचे दिवे येत असल्याने कॅमेरा त्या उजेडाशी जुळवून घेतो आणि चेहरे काळवंडतात. म्हणून आखणीची सुरुवात चाकांपासून न करता कॅमेऱ्याच्या उंचीपासून करावी. १.२ ते १.४ मीटर ही उंची मला सर्वांत सोयीची वाटते. खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांशी ती साधारण जुळते आणि उभ्या माणसाकडे किंचित वर पाहावे लागले, तरी चेहरा विचित्र दिसत नाही.

एवढ्या उंच खांबाचा रोबो कलंडण्याची भीती असते, म्हणून बॅटरी आणि मोटर तळाशीच ठेवाव्यात. मधोमध दोन चालती चाके आणि पुढे-मागे एकेक कॅस्टर, म्हणजे कोणत्याही दिशेला वळणारे छोटे मोकळे चाक, अशी ४० सेंटिमीटर रुंद व तितकीच लांब बैठक असेल, तर पुष्कळ जण मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर २० सेंटिमीटर धरून हिशेब करतात. हा हिशेब चुकतो. रोबो चाक आणि कॅस्टर यांना जोडणाऱ्या तिरक्या रेषेवरून कलंडतो आणि ती रेषा मध्यापासून अवघ्या १४ सेंटिमीटरवर असते. गुरुत्वमध्य ४० सेंटिमीटर उंचीवर असल्यास असा रोबो सुमारे १९ अंश कलेपर्यंत तग धरतो. तोच गुरुत्वमध्य ८० सेंटिमीटरवर गेला, तर १० अंशांतच पडतो, आणि १० अंशांचा धक्का एखाद्या उत्साही लहान मुलाला सहज देता येतो.

मोटरचा हिशेब सरळ आहे. रोबोचे वजन १० किलो, चाकाचा व्यास १५ सेंटिमीटर आणि चढ ५ अंशांचा धरला, तर तो चढण्यासाठी सुमारे ८.५ न्यूटन बल लागते, म्हणजे दोन्ही चाकांवर मिळून ०.६४ आणि प्रत्येक मोटरवर ०.३२ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर. मात्र मोटरच्या माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत छापलेला आकडा पुष्कळदा स्टॉल टॉर्कचा, म्हणजे मोटर पूर्ण अडून बसली असतानाचा असतो. त्या ताकदीवर ती काही क्षणांपलीकडे चालवली, तर तापून जळते. म्हणून गरजेच्या चार ते पाच पट, म्हणजे १.५ न्यूटन-मीटरच्या आसपास स्टॉल टॉर्क असलेली गिअरची मोटर घ्यावी, आणि चाक किती फिरले हे मोजणारा एन्कोडर तिच्यावर असावा. वेग सेकंदाला अर्धा मीटर पुरेसा आहे. या चाकासाठी तो मिनिटाला ६४ फेऱ्यांइतका भरतो. याहून वेगाने पळणारा रोबो गर्दीत शोभत नाही.

प्रश्न : माझा रोबो हिंडतो, अडथळे टाळतो आणि चेहरा दिसला की फोटोही काढतो. तरीही एका प्रदर्शनातून परत आल्यावर पाहिले, तर बहुतेक फोटो हललेले निघाले आणि उरलेल्यांपैकी बरेच भिंतीवर लावलेल्या छापील चित्रांचे होते. कॅमेरा बदलावा का? — एक छंदी तंत्रज्ञ

उत्तर : कॅमेरा बदलू नये. आपल्या पत्रातील ‘चेहरा दिसला की’ हे शब्द मी अधोरेखित करून ठेवले, कारण दोन्ही दोषांचे मूळ तिथेच आहे.

आधी हललेल्या फोटोंविषयी. समजा, कॅमेऱ्याला ६० अंशांचे दृश्य दिसते आणि फोटो ४००० पिक्सेल रुंद आहे, म्हणजे एका अंशाला सुमारे ६७ पिक्सेल येतात. सभागृहाच्या मंद उजेडात कॅमेरा शटर सेकंदाच्या तिसाव्या भागापर्यंत उघडे ठेवतो. तेवढ्यात सेकंदाला ३० अंश या संथ गतीने वळणारा रोबो नेमका एक अंश फिरतो आणि सगळे चित्र ६७ पिक्सेल फरफटते. सरळ चालतानाचे नुकसान त्या मानाने कमी असते. सेकंदाला अर्धा मीटर वेगाने आडवे जाताना २ मीटरवरचा चेहरा २९ पिक्सेल सरकतो, पण फोटो बिघडवायला तेही पुष्कळ झाले. कितीही भारी कॅमेरा आणला, तरी हा हिशेब बदलत नाही.

म्हणून चेहरा दिसणे हा फोटो काढण्याचा संकेत न मानता थांबण्याचा संकेत मानावा. रोबो थांबल्यावरही खांब डोलत राहतो, आणि तो किती वेळ डोलतो हे खांबाच्या ताठपणावर अवलंबून असल्यामुळे ठरावीक सेकंद वाट पाहण्यापेक्षा कॅमेऱ्याच्या पाठीमागे फिरण्याची गती मोजणारा एक छोटा जायरोस्कोप चिकटवावा. फिरण्याची गती सेकंदाला एक अंशाच्या खाली आली की, शटर सेकंदाच्या साठाव्या भागाचे असताना चित्र जेमतेम एक पिक्सेल सरकते. मग लागोपाठ पाच-सहा फोटो घ्यावेत आणि त्यांतील सर्वांत रेखीव, डोळे उघडे असलेला एक ठेवून बाकीचे तिथेच पुसावेत. शटरचा वेग निवडताना दिव्यांचे लुकलुकणेही ध्यानात ठेवावे. वीज ५० हर्ट्झची असेल तिथे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात, त्यामुळे शंभरावा किंवा पन्नासावा भाग हे वेग सुरक्षित ठरतात. ६० हर्ट्झच्या विजेवर एकशेविसावा किंवा साठावा भाग घ्यावा, नाहीतर फोटोवर आडवे पट्टे उमटतात.

आता भिंतीवरच्या चित्रांविषयी. माझ्या पहिल्या रोबोने एका समारंभात भिंतीवरील एकाच तसबिरीचे सतरा फोटो काढले होते, आणि खरे सांगायचे तर त्या दिवशीचे सर्वांत रेखीव फोटो तेच होते, कारण तसबीर हलत नव्हती. पॉल व्हायोला आणि मायकेल जोन्स यांनी २००१ मध्ये मांडलेल्या पद्धतीमुळे चेहरा शोधणे साध्या संगणकालाही झटपट जमू लागले, परंतु डोळे, नाक आणि गाल यांच्या उजेड-अंधाराची ठेवण पाहणाऱ्या पद्धतीला तो चेहरा जिवंत आहे की छापील, हे कळण्याचा मार्गच नसतो. त्यासाठी दुसरा साक्षीदार लागतो. २००२ मध्ये सिग्राफ या संगणक-चित्रणाच्या परिषदेत पाहुण्यांचे फोटो काढत फिरलेल्या, सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या लुईस या रोबोने हीच युक्ती वापरली होती. तो कॅमेऱ्यातून त्वचेच्या रंगाचे ठिपके शोधत असे आणि लेसर अंतरमापकाच्या आधारे त्या ठिपक्याचा आकार व उंची माणसाच्या चेहऱ्याला शोभणारी आहे का, हे तपासत असे. त्वचेच्या रंगावर विसंबणे मात्र आज टाळावे. रंगीत दिव्यांखाली ते फसते, लाकडी दरवाजालाही चेहरा समजते आणि सर्व वर्णांच्या माणसांना सारखा न्याय देत नाही. दोन साक्षी जुळवण्याची कल्पना तेवढी घ्यावी.

आपल्याकडे लेसर अंतरमापक असेल, तर चेहरा ज्या दिशेला दिसला त्या दिशेला पायांच्या उंचीवर काय आहे, ते पाहावे. माणूस असेल तर पायांचे एक-दोन अरुंद ठिपके मिळतात, चित्र असेल तर लांबलचक सपाट भिंत मिळते. शिवाय चेहऱ्याच्या रुंदीवरून अंतराचा अंदाज येतो. चेहरा सुमारे १५ सेंटिमीटर रुंद धरल्यास वरच्याच कॅमेऱ्यात २ मीटरवर तो २६० पिक्सेल भरतो, आणि लेसरने मोजलेले अंतर या अंदाजाशी जुळले नाही, तर तो चेहरा सोडून द्यावा. चेहरा झटपट शोधता यावा म्हणून चित्र लहान करताना अतिरेक करू नये, हेही यातूनच दिसते: ६४० पिक्सेलच्या चित्रात ४ मीटरवरचा चेहरा जेमतेम २१ पिक्सेलचा उरतो, आणि व्हायोला-जोन्स पद्धतीची मूळ चौकटच, म्हणजे तिला सापडू शकणारा सर्वांत लहान चेहरा, २४ पिक्सेलची आहे. म्हणजे त्या आकारात रोबोला साडेतीन मीटरपलीकडचे माणूस दिसणारच नाही, आणि गर्दीत ते एका अर्थी बरेच आहे.

चौकट साधण्याविषयी आपण विचारलेले नाही, तरी एक वाक्य भर घालतो. चेहरा मधोमध आणण्याचा मोह आवरून डोळे चित्राच्या वरच्या तिसऱ्या भागाच्या रेषेवर येतील, असे केले आणि उजेडाचे माप संपूर्ण दृश्यावरून न घेता चेहऱ्याच्या भागावरून घेतले, तर खिडकीकडे पाठ करून उभी असलेली माणसेही नीट येतात.

प्रश्न : ध्वनिलहरींवर चालणारे चार अंतरमापक लावूनही माझा रोबो कधी टेबलाला, तर कधी माणसांना धडकतो. बिनतारी जाळ्यावरून मी त्याला दूरच्या संगणकाने चालवतो. गर्दी वाढली की तोही संपर्क तुटतो. — एक वाचक

उत्तर : दोन्ही गोष्टी अपेक्षितच आहेत. ध्वनीची लहर लोकरीच्या किंवा सैल कपड्यांत मुरते आणि तिरक्या पृष्ठभागावरून दुसरीकडेच उडते, त्यामुळे समोर माणूस असूनही प्रतिध्वनी परत येत नाही. लेसरचे दुखणे निराळे आहे. तो एकाच आडव्या पातळीत पाहतो, म्हणून त्याला टेबलाचे पाय दिसतात आणि वरची फळी दिसत नाही; काच तर बहुधा दिसतच नाही. एका जातीचा सेन्सर वाढवत नेण्यापेक्षा दोन जाती मिसळाव्यात आणि त्यांच्यावरही पूर्ण विश्वास न ठेवता बैठकीभोवती स्पर्शाने दबणारी मऊ पट्टी लावावी. ही पट्टी दबताच मोटर थांबल्या पाहिजेत आणि तो निर्णय मोठ्या संगणकाकडे न जाता मोटर हाकणाऱ्या मायक्रोकंट्रोलरनेच, म्हणजे एका चिपवरच्या छोट्या संगणकानेच, घ्यावा. त्याच मायक्रोकंट्रोलरने, अर्ध्या सेकंदात वरून नवा आदेश आला नाही तर चाके थांबवावीत; संपर्क तुटल्यावर शेवटचा आदेश पाळत भरकटणारा रोबो हा सगळ्यांत वाईट प्रकार आहे.

चेहरा शोधणे आणि वाट ठरवणे ही कामे रोबोवरच्या संगणकाने करावीत. माणसांच्या शरीरात पाण्याचे प्रमाण मोठे असल्यामुळे २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी गर्दीत शोषल्या जातात, आणि त्यातच प्रत्येकाच्या खिशातील फोन त्याच पट्ट्यात बोलत असतो. संपर्क फोटो पाहण्यापुरता ठेवावा, हाकण्यासाठी ठेवू नये. मोटर सुरू होण्याच्या क्षणी संगणक बंद पडत असेल, तर दोहोंना वेगळे व्होल्टेज नियामक द्यावेत, कारण सुरुवातीला मोटर ओढते तो प्रवाह नेहमीच्या कितीतरी पट असतो. बॅटरीसाठी १२.८ व्होल्टची लिथियम आयर्न फॉस्फेट निवडावी. सरासरी २० वॉट खर्च धरल्यास १० अँपिअर-तासांच्या बॅटरीवर चार तास आरामात निघतात आणि थोडी शिल्लकही राहते.

प्रश्न : आमच्या संस्थेच्या कार्यक्रमात असा रोबो फिरवण्याची विद्यार्थ्यांची इच्छा आहे. काही पाहुण्यांना फोटो काढलेला आवडत नाही. त्यांची सोय कशी करावी? — एक शिक्षिका

उत्तर : बाई, आपला प्रश्न शेवटी घेतला असला, तरी विद्यार्थ्यांनी तो सांगाडा जोडण्यापूर्वी सोडवावा. हाती कॅमेरा घेतलेला माणूस समोरच्याची नजर पाहतो आणि मान हलली की कॅमेरा खाली करतो; रोबोला ही रीत मुद्दाम शिकवावी लागते. रोबो साधारण २ मीटरवर थांबल्यावर त्याने दिवा लावावा, स्पष्ट आवाज करावा आणि तीन सेकंद मोजावेत. एवढ्यात चेहरा वळला किंवा माणूस बाजूला झाला, तर तो नकार समजून फोटो न काढता निघून जावे आणि त्या दिशेला काही मिनिटे परत फिरकू नये. फोटो नको असलेल्या पाहुण्यांना ठळक नक्षीचे बिल्ले देण्याचा उपाय चांगला आहे, कारण ठरावीक छापील चौकोनी खूण ओळखणे संगणकाला चेहरा ओळखण्यापेक्षा सोपे जाते. पण बिल्ला माणूस वळल्यावर झाकला जातो, म्हणून केवळ त्याच्यावर विसंबू नये. मुलांचे फोटो पालकांची आधी संमती असल्याशिवाय ठेवू नयेत.

चेहरा शोधणे आणि चेहरा कोणाचा आहे हे ओळखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या रोबोला दुसरीची काहीच गरज नाही. फोटो रोबोवरच साठवावेत, कार्यक्रमानंतर एखाद्या माणसाने ते नजरेखालून घालावेत आणि मगच इतरांना द्यावेत. रोबोच्या पाठीवर छोटा पडदा बसवून त्यावर नुकताच काढलेला फोटो दाखवावा आणि शेजारी तो पुसण्याची मोठी कळ हाताच्या उंचीवर ठेवावी. मोटरची वीज थेट तोडणारी तातडीची लाल कळ मात्र तिच्यापासून लांब, दुसऱ्या बाजूला आणि वेगळ्या आकाराची असू द्यावी. नाहीतर फोटो पुसायला आलेला प्रत्येक पाहुणा रोबोच बंद करून जाईल.