विज्ञान शिकवता, तर मराठीच्या तासालाही बसा

सर, नववी-दहावीचं विज्ञान तुमच्याकडे आलं, मनापासून आनंद झाला. पण प्रयोगशाळेचं दार लावून कितीही छान शिकवलंत तरी फायदा तुमच्याच तुकड्यांना होईल, शाळा आहे तिथेच राहील.

माझीच गोष्ट सांगतो. मुलं गणितात समीकरणं सोडवायची आणि माझ्याकडे ओहमच्या नियमात (V = I × R) अडायची. मी V, I, R त्रिकोणात लिहून हवं ते अक्षर झाकायला शिकवत होतो, गणिताच्या बाई दोन्ही बाजूंना भागायला. मुलांना वाटायचं, ही दोन वेगळी गणितं आहेत! आम्ही एकच रीत ठरवली, आठवीपासून. तसंच ‘शास्त्रीय कारणे लिहा’चं. उत्तर येत असायचं, पण ‘कारण’ आणि ‘त्यामुळे’ नीट जोडता यायचं नाही. तो भाग मराठीच्या सरांनी आपणहून उचलला आणि मग इतिहासाच्या उत्तरपत्रिकाही सुधारल्या.

म्हणून पहिल्या सत्रात सहकाऱ्यांना विचारून त्यांच्या तासाला मागच्या बाकावर बसा. दुरुस्त्या सांगायला नको, फक्त ऐका.

पुण्यात आहात हेही भाग्यच. आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेची, मुलांसाठीची मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे; तिथे आणि आसपासच्या परिसरात मिळून तिच्या ३० अँटेना आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. सहल काढाल तेव्हा भूगोलाच्या आणि गणिताच्या शिक्षकांना आधीपासून सोबत घ्या. तिथली जागा का निवडली, अँटेनाच्या ताटलीचा आकार तसाच का, हे प्रश्न त्यांनी विचारू देत. मुख्याध्यापकांकडे मात्र आधी आठवड्यातून एक सामाईक मोकळा तास मागा. तो मिळवायला मला दोन वर्षं लागली.