दुपारी थकणाऱ्या तंतुकणिका

प्रश्न : उंदराच्या यकृतातून सकाळी वेगळ्या केलेल्या मायटोकाँड्रिया (तंतुकणिका, म्हणजे पेशीतली ऊर्जाघरं) बर्फावरच ठेवते. तरी दुपारी एडीपी (ज्यापासून त्या एटीपी हे ऊर्जाद्रव्य बनवतात) टाकल्यावर ऑक्सिजन वापरण्याचा वेग जेमतेम वाढतो. असं का? उरलेला नमुना गोठवून दुसऱ्या दिवशी वापरता येईल का?
— एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, औंध, पुणे

उत्तर : गोठवू नका. बर्फाच्या स्फटिकांनी पडदे फाटतात आणि सायटोक्रोम-सी हे श्वसनसाखळीत इलेक्ट्रॉन वाहणारं प्रथिन गळतं. एखाद्या एन्झाइमची क्रिया मोजायला तो नमुना चालेल, श्वसनाला नाही.

बर्फावरही तीन-चार तासच हाती असतात. तंतुकणिकेचा स्वतःचा डीएनए जेमतेम 13 प्रथिनं घडवतो, बाकीची पेशीकडून येतात. त्यामुळे बाहेर काढल्यावर डागडुजी अशी होतच नाही. फक्त ऱ्हास लांबवता येतो.

आधी पाहा, कोणता वेग बदलला. एडीपीशिवायचा वेग वाढला असेल, तर आतल्या पडद्यातून प्रोटॉन झिरपताहेत. दोषी बहुधा सुटी मेदाम्लं, नाहीतर कॅल्शियम. द्रावणात सुक्रोज 250 आणि हेपेस (सामू स्थिर ठेवणारा बफर) 10 मिलिमोलर, सामू 7.4 असेलच. ईजीटीए 1 मिलिमोलर कॅल्शियम धरून ठेवतं, तर मेदाम्लरहित बोव्हाइन अल्ब्युमिन 0.1 ते 0.5 टक्के मेदाम्लं शोषतं. साधं अल्ब्युमिन स्वस्त पडतं, पण ते मेदाम्लं सोबत घेऊनच येतं.

एडीपीसोबतचा वेग घटला असेल, तर ऑक्सिजन मोजायच्या कक्षात 10 मायक्रोमोलर सायटोक्रोम-सी टाका. वेग 10 टक्क्यांहून जास्त वाढला तर बाहेरचा पडदा फाटलाय. मग होमोजिनायझरचे (ऊती कुटायच्या नळीचे) फटके कमी करा आणि व्होर्टेक्सवर (नळी जोरात हलवणाऱ्या यंत्रावर) ढवळणं तर नकोच. सेंट्रिफ्यूजमध्ये 800 जी आणि 8000 जी (जी म्हणजे गुरुत्वाच्या किती पट बल), दोन्ही फेऱ्या 4 अंशांवर दहा-दहा मिनिटं. (आरपीएम, म्हणजे मिनिटाचे फेरे, लिहून ठेवू नका, रोटर बदलला की तो आकडा निरर्थक.) दुसऱ्या फेरीनंतर गोळ्यावरचा फिकट, सैल थर हलकेच काढून टाका, त्यात जखमी कणिका असतात.

साठवण मात्र घट्ट हवी : मिलिलिटरला 40 ते 60 मिलिग्रॅम प्रथिन. सकाळीच पातळ करून ठेवणं ही सर्रास होणारी चूक. पातळ करायचं ते थेट मापनकक्षात. आणि बफर टिकावा म्हणून सोडियम अझाइड घालाल, तर श्वसनसाखळीचा शेवटचा दुवाच बंद पडेल.

पुण्यासाठी एक हिशेब. शहर सुमारे 560 मीटर उंचीवर असल्यानं पाण्यात विरघळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीपेक्षा अंदाजे 6 टक्के कमी. विरघळलेल्या ऑक्सिजनचा छापील तक्ता तसाच वापरला तर सगळे वेग तेवढे फुगतात. एडीपीसोबतच्या आणि एडीपीशिवायच्या वेगांचं गुणोत्तर मात्र बदलत नाही.

एवढं करूनही कोडं सुटलं नाही, तर सकाळी त्याच कक्षात रोटेनोन किंवा अँटिमायसिन (श्वसनसाखळी रोखणारी द्रव्यं) वापरलं होतं का, ते तपासा. ही द्रव्यं भिंतींना आणि चुंबकी ढवळणीला चिकटून राहतात, नुसत्या पाण्यानं जात नाहीत. इथेनॉलनं तीन-चारदा धुवा, मग पाण्यानं, आणि तोच नमुना पुन्हा मोजा.