अमेरिकेतल्या छोट्या कॉलेजचा बास्केटबॉल संघ दरवर्षी निम्मा का बदलतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगा न्यू जर्सीत अकरावीला, ओहायोतल्या एका छोट्या डिव्हिजन थ्री (कॉलेज खेळांच्या तीन पातळ्यांतली सगळ्यात खालची) कॉलेजचा कोच त्याला वरचेवर फोन करतोय, आणि तुम्ही त्या संघाची दोन वर्षांपूर्वीची यादी काढून पाहिली तर निम्मी नावं गायब. कोचही नवाच. हे वाईट लक्षण समजायचं का?

मी ओहायोतच एका छोट्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो (तुम्ही लिहिलंय ते नव्हे) आणि घरच्या सामन्यांना टेबलावर बसून शॉट क्लॉक (शॉट मारायला उरलेला वेळ दाखवणारं घड्याळ) चालवतो. ही मुलं माझ्या वर्गातही असतात, त्यामुळे त्यांचं येणं-जाणं जवळून दिसतं. निम्मी नावं गायब असणं आजकाल नेहमीचं झालंय, नुसत्या त्या आकड्यावरून काही ठरवू नका. कोण गेलं, कितव्या वर्षी गेलं आणि कुठं गेलं, हे बघा. त्यात सगळं कळतं.

आधी पैशाचं, कारण घोडं बहुतेक वेळा तिथंच पेंड खातं. एनसीएए ही कॉलेज खेळांची मुख्य संघटना; तिच्या डिव्हिजन थ्रीत चारशेच्या वर कॉलेजं आहेत आणि तिथं खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही, एक डॉलरसुद्धा नाही. जी सूट मिळते ती गुणांवर किंवा घरच्या ऐपतीवर. खाजगी कॉलेजची छापील फी ऐकून छातीत धस्स होतं, पण ती पूर्ण भरणारे थोडेच, निम्म्याच्या आसपास सूट सर्रास मिळते. आता कॉलेजच्या बाजूनं विचार करा. हजार-बाराशे मुलांचं कॉलेज, गावात विशेष काही नाही, आणि बारावी पास होणाऱ्यांची संख्या या भागात घटत चाललेली. अशा ठिकाणी मुलं आणायचा सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे खेळ. म्हणून अनेक कॉलेजांत कोचला सांगितलेलं असतं की या वर्षी एवढी मुलं आणायचीच. लागतात चार, तो आणतो दहा. त्यातली निम्मी टिकणार नाहीत हे त्यालाही माहीत असतं आणि ॲडमिशन ऑफिसलाही. कोचला तुमचा मुलगा मनापासून हवा असेल आणि कॉलेजला त्याची फी हवी असेल, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. त्यात फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही, पण ताकाला जाऊन भांडं लपवण्याचा प्रकार मात्र बराच चालतो.

मग मिनिटांचा हिशेब येतो. सामना चाळीस मिनिटांचा, मैदानावर पाच जण, म्हणजे वाटायला एकूण दोनशे मिनिटं. सामना अटीतटीचा असेल तर कोच आठ-नऊ जणांच्या पलीकडे जात नाही. यादीत वीस-बावीस नावं असतील तर उरलेल्यांनी ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत रोज सराव करायचा, पहाटे वजनं उचलायची, नाताळची सुट्टी अर्धवट टाकून परत यायचं, आणि सामन्याला टॉवेल फिरवत बाकावर बसायचं. हायस्कूलमध्ये हीच मुलं आपापल्या गावची हिरो होती. शिष्यवृत्ती नाही, खेळायला मिळत नाही, मग का राहायचं? हा प्रश्न साधारण पहिल्या वर्षाच्या फेब्रुवारीत पडतो आणि दुसऱ्या वर्षाच्या सप्टेंबरात उत्तर मिळतं. माझ्या वर्गातलं एक पोर, सहा फूट पाच इंच, एका सकाळी ऑफिसात येऊन म्हणालं, ‘सर, आता दुपारची लॅब घेऊ शकतो.’ संघ सोडला हे त्यानं एवढ्याच शब्दांत सांगितलं. पुढं त्याचा निकाल बराच सुधारला, हे जाता जाता.

न खेळणाऱ्यांची सोय म्हणून बऱ्याच कॉलेजांत ज्युनियर व्हार्सिटी, म्हणजे जेव्ही संघ असतो. कधी जमलं तर त्यांचा सामना बघून या, ॲडमिशन ऑफिसच्या गुळगुळीत पुस्तिकेपेक्षा जास्त कळेल. सोमवारची संध्याकाळ, जिमचे अर्धे दिवे बंद, प्रेक्षकांत चार-दोन आई-बाप आणि एखादी मैत्रीण. असिस्टंट कोच स्वतःच मॉप घेऊन फरशी पुसतो, सामना संपला की घामट जर्सी गोळा करून मशीनला लावतो. मुलं मात्र जीव तोडून खेळतात. तिथं मुख्य कोच येऊन बसतो की नाही, बसला तर मोबाइलमध्ये बघतो की मुलांकडे, एवढंच बघा.

मिनिटांच्या या कोड्यावर आयोवातल्या ग्रिनेल कॉलेजच्या डेव्हिड आर्सेनो या कोचनं अघोरी उपाय काढला होता. वर्षानुवर्षं हरत आलेला संघ १९८९ मध्ये त्याच्याकडे आला. त्यानं ठरवलं की पाचच्या पाच खेळाडू मिनिट-दीड मिनिटानं बदलायचे, दिसेल तिथून तीन गुणांचा लांबचा शॉट मारायचा, समोरच्याला दमवायचं. रोज पंधरा-पंधरा जण खेळू लागले. जाणकारांनी नाकं मुरडली, पण बाकावर बसून कुजणारं कोणी राहिलं नाही. याच पद्धतीत २० नोव्हेंबर २०१२ ला जॅक टेलरनं एका सामन्यात १३८ गुण केले, १०८ शॉट मारून. आणि गंमत म्हणजे हा टेलर तरी कुठं मुळात ग्रिनेलचा होता! तो विस्कॉन्सिनच्या ला क्रॉस इथल्या विद्यापीठातून बदलून आलेला.

आता वर जाणारे. ही गळती वेगळी, आणि खरं तर कौतुकाची. डंकन रॉबिन्सनचं नाव तुमच्या मुलाला नक्की माहीत असेल. तो मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स या डिव्हिजन थ्री कॉलेजात होता. २०१४ मध्ये, त्याच्या पहिल्याच वर्षी, संघ राष्ट्रीय अंतिम सामन्यात पोचला आणि विस्कॉन्सिनच्या व्हाइटवॉटर विद्यापीठाकडून ७५-७३ असा हरला. लगेच कोच माइक मेकर मॅरिस्ट कॉलेजला, म्हणजे सगळ्यात वरच्या डिव्हिजन वनमध्ये गेला. कोच गेला म्हणून रॉबिन्सननंही इकडंतिकडं पाहिलं आणि डिव्हिजन वनमधलं मिशिगन विद्यापीठ गाठलं. तेव्हाच्या नियमानं त्याला एक वर्ष नुसतं बसावं लागलं. पुढं एनबीए ही व्यावसायिक लीग, तिची २०२० ची फायनल, २०२१ मध्ये नऊ कोटी डॉलरचा करार. मेकरला मात्र मॅरिस्टनं चार हंगामांनंतर काढून टाकलं. एकाच वर्षी दोघांनी वरच्या फांदीवर उडी मारली, एकाला ती धार्जिणी ठरली.

त्या काळी रॉबिन्सन हा अपवाद होता. मग नियमच बदलले. ऑक्टोबर २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन यादी, आलं: मुलानं नाव टाकलं की कोणत्याही कॉलेजचा कोच थेट संपर्क करू शकतो. २०२१ मध्ये वर्षभर न बसता एकदा बदली घ्यायची मुभा मिळाली, २०२४ मध्ये ‘एकदा’ची अटही गेली. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर (जाहिराती वगैरेंतून) पैसे कमावता येऊ लागले आणि २०२५ पासून मोठी विद्यापीठं आपल्या उत्पन्नातला वाटाही देऊ लागली. त्यात कोविडमुळे २०२०-२१ च्या मुलांना जादा वर्ष मिळालेलं. परिणाम असा की मोठ्या कॉलेजचा कोच आता अठरा वर्षांचं कच्चं पोर घेऊन घडवत बसत नाही, तो खालच्या पायरीवर सिद्ध झालेला एकवीस-बावीसचा गडी उचलतो. म्हणून चांगली हायस्कूलची मुलं पूर्वीपेक्षा खाली येतात आणि खालची चांगली मुलं वर जातात. तुमच्या मुलाला डिव्हिजन थ्रीचाच फोन येतोय यात त्याचा काही कमीपणा नाही, रांगच तशी सरकली आहे.

आणि कोच गेला की संघ कसा जातो, त्याचं ताजं उदाहरण बेन मॅककॉलम. मिसूरीतल्या मेरीव्हिल या लहानशा गावात, नॉर्थवेस्ट मिसूरी स्टेटला, तो पंधरा वर्षं होता आणि डिव्हिजन टूची चार राष्ट्रीय विजेतेपदं त्यानं मिळवली: २०१७, २०१९, २०२१ आणि २०२२. २०२४ मध्ये तो डिव्हिजन वनमधल्या ड्रेक विद्यापीठात गेला आणि चार खेळाडू सोबत घेऊन गेला. डिव्हिजन टूची म्हणून हिणवली गेलेली ती मुलं ड्रेकची मुख्य फळी झाली आणि संघानं ३१ सामने जिंकले, हरले फक्त चार. वर्षभरात मॅककॉलम आयोवा विद्यापीठात गेला, बेनेट स्टर्ट्झ हा त्याचा मुख्य खेळाडू तिथंही मागोमाग. मागं ड्रेकच्या नव्या कोचला जवळपास मुळापासून संघ बांधावा लागला, आणि मेरीव्हिलमध्ये त्याच्याही आधी तेच झालं होतं. दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये हे असं चालतं. वर एक खुर्ची रिकामी झाली की खालपर्यंत पाच-सहा ठिकाणी माणसं हलतात.

असिस्टंट कोचचं तर विचारूच नका. डिव्हिजन थ्रीत तो अनेकदा पंचविशीच्या आतला असतो, जेमतेम पगार किंवा त्याबदली फुकटात एमए, आणि राहायला हॉस्टेलमधली खोली, म्हणजे रात्री दोन वाजता फायर अलार्म वाजला की उठायचं तेही त्यानंच. व्हिडिओ कापायचे, व्हॅन चालवायची, हायस्कूलची जिम पालथी घालायची. दोन वर्षांत पदवी झाली की गेला. मेख अशी की तुमच्या मुलाला सगळ्यात जास्त मेसेज करणारा माणूस हाच असतो. मुलगा कॉलेजात पोचेपर्यंत तो तिथं नसण्याचीच शक्यता जास्त.

सगळीकडे असं नाही, हेही सांगायला हवं. इथं ओहायोतच वूस्टर कॉलेजात स्टीव्ह मूर १९८७ पासून २०२० पर्यंत कोच होते. पेन्सिल्व्हेनियात फ्रँकलिन अँड मार्शलला ग्लेन रॉबिन्सन अठ्ठेचाळीस हंगाम राहिले आणि २०१९ मध्ये निवृत्त झाले तेव्हा नावावर ९६७ विजय होते, डिव्हिजन थ्रीत सर्वांत जास्त. पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेला उतरणाऱ्या कॉलेजांचं जसं असतं तसंच हे: ग्रुपमधली मुलं दरवर्षी टीवायला जाऊन बाहेर पडतात, पण काही कॉलेजांत तालीम कशी करायची हे एका बॅचकडून दुसरीकडे जातं, तर काही ठिकाणी जूनमध्ये पुन्हा श्रीगणेशा. माणूस टिकला की वळण टिकतं, मग मुलं बदलली तरी फारसं बिघडत नाही.

कॉलेज स्वतःच नाहीसं होण्याचा धोकाही धरा. क्लीव्हलँडजवळचं नोत्र देम कॉलेज (फुटबॉलवालं प्रसिद्ध विद्यापीठ नव्हे) मे २०२४ मध्ये बंद झालं, अलाबामातलं बर्मिंगहॅम-सदर्न त्याच महिन्यात, आयोवा वेस्लियन त्याच्या आदल्या वर्षी. तिथल्या मुलांना संघच काय, डिग्रीही दुसरीकडे जाऊन पूर्ण करावी लागली. कॉलेजची आर्थिक स्थिती बघणं हे संघाची यादी बघण्याइतकंच गरजेचं.

तर आता तुम्ही एक करा. त्या संघाची तीन वर्षांपूर्वीची यादी कॉलेजच्या साइटवर जुन्या हंगामात मिळेल. त्यातले फक्त पहिल्या वर्षाचे नवे भिडू वेगळे काढा आणि आज सीनियर, म्हणजे चौथ्या वर्षाचे म्हणून त्यातले किती आहेत ते मोजा. नऊ जण आले आणि चार-पाच राहिले असतील तर ठीक आहे, या पातळीवर ते चांगलंच म्हणायचं. एकच उरला असेल तर बाकीचे कुठं गेले ते शोधा. दुसऱ्या संघांच्या यादीत ती नावं सापडली तर मुलांना खेळायचं होतं, पण इथं नको होतं. कुठंच सापडली नाहीत तर बहुधा त्यांचा खेळच सुटला. यातलं दुसरं जास्त दिसत असेल आणि दरवर्षी दहा-दहा नवे येत असतील, तर तो संघ म्हणजे ॲडमिशन ऑफिसची शाखा समजा. कोच नवा आहे म्हणालात, तर आधीचा कोच वर गेला की काढला गेला, तेही विचारा. वर गेला असेल तर पाया बरा असतो. शिवाय नव्या कोचला आधीच्याची मुलं आपली वाटतातच असं नाही, त्यामुळे पहिल्या वर्षी जास्त गळती होते, तेवढी सवलत त्याला द्या.

कॉलेज बघायला जाल तेव्हा मुलाला तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या कमी खेळणाऱ्या खेळाडूबरोबर तासभर एकटं सोडा, कोच नको आणि तुम्हीही नको. आणि सूट किती हे सांगणारं पत्र हातात आलं की ती चारही वर्षं राहण्यासाठी किती गुणांची अट आहे, ते ॲडमिशन ऑफिसकडून लेखी घ्या. डिव्हिजन थ्रीत ही रक्कम खेळाला बांधलेली नसते, संघ सोडला म्हणून ती काढता येत नाही, आणि तुमच्या दृष्टीनं यातली सगळ्यात मोठी सोय हीच आहे. डिव्हिजन टू किंवा एनएआयए या लहान कॉलेजांच्या वेगळ्या संघटनेतल्या एखाद्या कॉलेजनं पुढं शिष्यवृत्तीचं बोलणं काढलं तर तिथं हा हिशेब उलटा होतो, ती रक्कम साधारण वर्षावर्षाची असते आणि कोचच्या मर्जीवर बरंच अवलंबून असतं. तशी ऑफर आलीच तर तपशील इथं टाका, बघू.