पिकअपचं रीडिंग ५.८ की ६.२ किलोओहम: जोरदार कोणता?

तुमच्या स्ट्रॅटचा (स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिक गिटारचा) जुना पिकअप, म्हणजे तारांची कंपनं विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग, डिसेंबरात मोजला तेव्हा ५.८ किलोओहम आला आणि आता मे महिन्यात आणलेला नवा ६.२ दाखवतोय. म्हणून नवा जास्त जोरदार का, आणि घरी याहून नीट कसं मोजायचं, असं तुम्ही विचारलंय. एवढ्यावरून नवा जोरदार आहे असं अजिबात म्हणता येणार नाही.

पिकअपमध्ये चुंबकांभोवती गुंडाळलेली कॉइल असते. तिच्यात ४२ गेजच्या, केसासारख्या तांब्याच्या तारेचे साडेसात-आठ हजार वेढे असतात. मल्टिमीटर फक्त त्या तारेचा रोध मोजतो. तांबं तापलं की हा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. वीस अंशांना ५.८ दाखवणारा पिकअप अडतीस अंशांना ६.२ दाखवेल, म्हणजे तुमचा सगळा फरक नुसत्या उन्हाळ्याचाही असू शकतो. तारेच्या जाडीचंही तसंच. टेलिकास्टर या दुसऱ्या गिटारच्या नेक (मानेकडच्या) पिकअपला आणखी बारीक, ४३ गेजची तार असते. त्यामुळे तो साडेसात किलोओहमच्या आसपास दाखवतो, पण म्हणून तो स्ट्रॅटच्या पिकअपपेक्षा मोठ्याने वाजत नाही.

खरं काम इंडक्टन्सचं, म्हणजे बदलत्या प्रवाहाला विरोध करण्याच्या कॉइलच्या गुणाचं; तो हेन्रीत मोजतात. त्यासाठी एलसीआर मीटर (इंडक्टन्स, कपॅसिटन्स आणि रोध मोजणारा) लागतो. पिकअपच्या वायरी सर्किटमधून सोडवा, मीटर १०० किंवा १२० हर्ट्झवर ठेवा आणि 'सिरीज' मोडच निवडा. हे मी मुद्दाम सांगतोय. मी पहिल्यांदा मोजलं तेव्हा मीटर 'पॅरलल'वर राहिला होता आणि २८ हेन्रीसारखा आकडा बघून पिकअप खराब समजून बाजूला ठेवला होता. इतक्या कमी फ्रीक्वेन्सीला रोधापुढे इंडक्टन्सचा वाटा लहान असतो, त्यामुळे पॅरलल मोडचा आकडा भलताच फुगतो. अल्निको (अॅल्युमिनियम-निकेल-कोबाल्टच्या मिश्रधातूच्या) चुंबकांच्या जुन्या धाटणीच्या स्ट्रॅट पिकअपला साधारण २.२ ते २.५ हेन्री यायला हवेत. खाली सिरॅमिक चुंबक आणि वर लोखंडी पोल असलेले स्वस्त पिकअप तेवढ्याच ओहमला जास्त हेन्री दाखवतात. मल्टिमीटरला हा फरक कधीच दिसत नाही.

कानाला जे जाणवतं ते मात्र रेझोनन्सचं शिखर, म्हणजे पिकअप ज्या फ्रीक्वेन्सीला सगळ्यात जोरात प्रतिसाद देतो ती जागा. कॉइलचा इंडक्टन्स आणि त्याला समांतर येणारी सगळी कपॅसिटन्स मिळून ते ठरतं, आणि त्यात केबलचा वाटा मोठा असतो, मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड. २.४ हेन्री आणि एकूण ६०० पिकोफॅरड धरले तर शिखर ४.२ किलोहर्ट्झला येतं. नुसत्या कॉइलचे १५० पिकोफॅरड धरले तर तेच ८.४ ला जातं. म्हणून रोजची केबल लावूनच मोजा. बारीक तारेचे शंभरेक वेढे घेऊन छोटी कॉइल करा, शंभर ओहमचा रोधक मालिकेत जोडून ती लॅपटॉपच्या हेडफोन आउटला लावा आणि पिकअपवर टेकवा. १०० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत स्वीप (हळूहळू चढत जाणारा सूर) सोडा आणि गिटार ऑडिओ इंटरफेसच्या १ मेगाओहमच्या इनपुटमध्ये घ्या. व्हॉल्यूम आणि टोन पूर्ण उघडे हवेत. आलेख दर सप्तकाला ६ डेसिबल चढत जाईल. तो चढ प्रवर्तनाचा आहे (फ्रीक्वेन्सी वाढेल तसा पिकअपमध्ये निर्माण होणारा व्होल्टेजही वाढतो), वजा करा. मग उरतो तुमचा पिकअप.

याच पद्धतीने एकदा टेलीचा (टेलिकास्टरचा) नेक पिकअप आधी पितळी झाकणासकट आणि मग झाकण काढून मोजला. ओहम तेच. पण झाकण असताना शिखर जेमतेम टेकाडाएवढं होतं, काढल्यावर उंच उभं राहिलं. पितळेत फिरणारे एडी करंट (बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे धातूत उठणारे भोवऱ्यासारखे प्रवाह) ते दाबत होते. तो पिकअप मंद का वाजतो याचं उत्तर मी कित्येक महिने ओहममध्ये शोधत होतो.

तुमचे दोन्ही पिकअप आधी एकाच दुपारी, एकाच खोलीत तासभर ठेवून मोजा. जुना गिटारमध्ये बसवलेला असेल तर निदान त्याची गरम (सिग्नलची) वायर सोडवा, नाहीतर व्हॉल्यूमच्या बटणाचं २५० किलोओहमचं पॉट (बदलता रोधक) समांतर येऊन सहाचे ५.८६ दिसतील. नव्याचा इंडक्टन्स २.४ च्या जवळ आला तर तो जुन्यासारखाच वाजेल. तीनच्या वर गेला, तर आवाज थोडा मोठा आणि वरची चमक कमी, अशी तयारी ठेवून बसवा.