माहितीपट : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : ठाण्यातल्या शाळांसाठी प्राचीन रोमवर २० मिनिटांचा मराठी माहितीपट करायचा आहे. इटलीला जाण्याइतकं बजेट नाही. मग दाखवायचं काय? (नौपाडा, ठाणे)

उत्तर : सुरुवात कल्याणच्या खाडीवरून करा. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी व्यापाराच्या मार्गदर्शिकेत कल्याण, सोपारा आणि चौल यांची नावं आहेत. कल्याणला पूर्वी रीतसर व्यापार चाले; पुढे सत्ता बदलली आणि तिथे चुकून आलेलं ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेलं जाई, असंही त्यात आहे. मुलांना सम्राटांच्या वंशावळीपेक्षा हे जास्त लक्षात राहील.

पुढचा धागा मराठवाड्यातल्या तेरचा. ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या इटलीतल्या पॉम्पेई या रोमन शहरात १९३८ साली एका घरात सुमारे २४ सेंटिमीटर उंचीची भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. ती आज नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. तिच्याशी जवळचं साम्य असलेल्या मूर्ती तेर आणि भोकरदनला सापडल्या आहेत. ती मूर्ती मराठवाड्यातच घडली असं मात्र निवेदनात ठासून सांगू नका. साम्य हा पुरावा आहे आणि ‘इथेच घडली’ हा अंदाज. उलट दिशेची, म्हणजे रोमन जगातून इकडे आलेली वस्तू हवी असेल तर कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी उत्खननात मिळालेली समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती आहे.

संग्रहालयाची लेखी परवानगी आधी घ्या. काचपेटीतली वस्तू टिपताना फिल्टरवर फार विसंबू नका. पोलरायझर काचेतली चमक तिरक्या कोनातून काढतो, अगदी समोरून त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. समोरूनच घ्यायचं असेल तर मीटरभर काळ्या कापडाला भिंगापुरतं भोक पाडा, ते कॅमेऱ्यापुढे धरा आणि भिंग काचेच्या शक्य तितकं जवळ न्या, पण टेकवू नका. नाणी टिपताना दिवा वरच्या डाव्या बाजूला, पृष्ठभागाशी १५ ते २० अंशांवर ठेवा आणि समोरच्या बाजूला पांढरा कागद लावा. दिवा खालून आला तर डोळा फसतो : सम्राटाचा उठावदार चेहरा खड्ड्यासारखा दिसतो. नेपल्सच्या मूर्तीचा फोटो नेटवरून सरळ उचलू नका. वापराचा परवाना तपासा आणि श्रेयनामावलीत नोंदवा.

प्रश्न : एप्रिलमध्ये रोम आणि पॉम्पेईला जातोय. साधा मिररलेस कॅमेरा आहे. नंतर माहितीपटात वापरता येईल असं चित्रीकरण कसं करावं? (ऐरोली)

उत्तर : आधी कागदपत्रं. इटलीतल्या वारसास्थळांच्या चित्रांचा व्यावसायिक वापर २००४ च्या सांस्कृतिक वारसा संहितेखाली येतो. त्यासाठी त्या स्थळाच्या व्यवस्थापनाची परवानगी लागते, शुल्कही पडू शकतं. घरगुती आठवण म्हणून काढलेलं फुटेज पुढे विकायचं ठरलं की इथेच अडतं, म्हणून निघण्याआधीच ईमेल करा. ट्रायपॉड, दिवे यांच्याबद्दलही त्याच पत्रात विचारा. ड्रोन घरीच ठेवा.

आता कॅमेरा. सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५०. इटलीतही आपल्यासारखीच ५० हर्ट्झची वीज आहे, त्यामुळे दिव्यांचा लुकलुकाट टळतो. बाहेरच्या उन्हात शटर वाढवण्याऐवजी प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर लावा. रोममधल्या पँथिऑन या घुमटाच्या प्राचीन मंदिरात स्वयंचलित एक्स्पोजर बंदच करा, नाहीतर छताच्या झरोक्यातून येणारा झोत फ्रेममध्ये आला की कॅमेरा सगळा घुमट काळा करतो. झोतातले बारकावे राहतील असं एक्स्पोजर ठरवून लॉक करा. ४३.३ मीटर व्यासाच्या त्या घुमटाची भव्यता समजायला फ्रेमच्या तळाशी माणसं हवीतच. २१ एप्रिल हा रोमच्या स्थापनेचा पारंपरिक दिवस. त्या सुमारास माध्यान्हीचा झोत प्रवेशद्वारावर पडतो. मात्र उन्हाळी वेळेमुळे तिथली माध्यान्ह घड्याळात दुपारी १ वाजून १० मिनिटांच्या आसपास असते. बारा वाजता टिपून निघून गेलात तर क्षण हुकला.

पॉम्पेईच्या भित्तिचित्रांवर फ्लॅश नको. प्रत्येक भिंतीचे दोन प्रकारचे शॉट घ्या : एक तुमच्या कथेसाठी, कसाही, आणि एक नोंदीसाठी. नोंदीचा शॉट भिंतीला समांतर, मोजपट्टी आणि रंगपट्टीसह. दोन्ही पट्ट्या भिंतीला न लावता फ्रेमच्या कडेला हातात धरा. व्हाइट बॅलन्स (प्रकाशानुसार रंग जुळवणारी सेटिंग) ऑटोवर ठेवला तर एकच लाल दर शॉटला वेगळा येतो. पॉम्पेईत ही चूक महागात पडते, कारण तिथल्या काही भिंतींचा मूळ पिवळा गेरू ज्वालामुखीच्या उष्णतेने लाल झालेला आहे. रंगपट्टी नसेल तर तुमच्या फुटेजवरून रंगाबद्दल काहीच बोलता येणार नाही. त्रिमितीय मॉडेल करायचं असेल तर लागोपाठच्या फोटोंत ७० ते ८० टक्के भाग सामाईक हवा आणि झूम मध्येच बदलायचा नाही. गुळगुळीत, चकचकीत संगमरवरावर सॉफ्टवेअरला पकडायला खुणा मिळत नाहीत, मॉडेलला भोकं पडतात. ढगाळ दिवस मिळाला तर आनंद माना, चमक कमी होते.

प्रश्न : पडलेली मंदिरं संगणकावर पुन्हा उभी करून दाखवली तर चालेल का? (कोपरखैरणे)

उत्तर : चालेल, पण पुराव्याचा भाग आणि कल्पनेचा भाग वेगळे दिसू द्या. उरलेले खांब खऱ्या पोतात, तर्काने भरलेलं छत फिकट किंवा अर्धपारदर्शक. वारशाच्या संगणकीय चित्रणासाठीच्या २००६ च्या ‘लंडन सनद’मध्ये हेच तत्त्व आहे. आणि सगळं शुभ्र करू नका. रोमन पुतळे आणि इमारती रंगवलेल्या असत.

प्रश्न : माहितीपट यूट्यूबवर टाकला आहे. जतन झालं ना? (नेरुळ)

उत्तर : नाही. तिथे प्रसार झाला. यूट्यूब तुमची फाइल पुन्हा दाबून साठवतं आणि न वापरलेलं फुटेज तर तिथे नसतंच. वारशाच्या दृष्टीने तेच जास्त मोलाचं. २०१० च्या नोव्हेंबरमध्ये पॉम्पेईतलं ‘ग्लॅडिएटरांचं घर’ कोसळलं. अशा वेळी कामी येते ती आधीच्या भिंतीची कंटाळवाणी, सरळ, मोजपट्टीसह केलेली नोंद.

तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक प्रत दुसऱ्या गावी. सेकंदाला १०० मेगाबिटने केलेलं चित्रीकरण तासाला ४५ जीबी घेतं. १० तासांचं ४५० जीबी, म्हणजे १ टीबीची डिस्क पुरते. प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइल बदलली का ते पडताळणारा आकडा) काढून मजकुराच्या साध्या फाइलमध्ये ठेवा आणि वर्षातून एकदा पडताळा. नुसती फाइल उघडते म्हणून ती शाबूत आहे असं नसतं. एलटीओ टेप (डेटा साठवायची चुंबकीय फीत) घेणार असाल तर यंत्राची पिढी पाहा : एलटीओ-८ यंत्र एलटीओ-७ ची टेप वाचतं, एलटीओ-६ ची नाही. फाइलच्या नावात तारीख, ठिकाण आणि शॉट क्रमांक घाला. ‘फायनल_नवीन_२’ या नावाचा पाच वर्षांनी कुणालाच उलगडा होत नाही.

नेरुळच्या पावसाळ्यात डिस्क आणि भिंगं उघड्या कपाटात ठेवू नका. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आत आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांवर राहिला पाहिजे. जेलच्या दाण्यांचा रंग बदलला की पाकिटावर दिलेल्या तापमानाला ते ओव्हनमध्ये सुकवा आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्यात परत ठेवा.