सहा लाख एकदम द्यावेत की दर तिमाहीला?

प्रश्न : मी वसईला राहते. वय ६४, शाळेतून निवृत्त. यजमान हयात नाहीत. पेन्शन महिना ४१,००० रुपये, घरखर्च तीस हजारांत भागतो. एफडी सगळ्या मिळून २४ लाखांच्या, त्यातली नऊ लाखांची पुढच्या महिन्यात मॅच्युअर होते. मेडिक्लेम तीन लाखांचा आहे. ८ फेब्रुवारीला आमच्या चर्चमध्ये मानवी तस्करीविरुद्ध प्रार्थना झाली, तेव्हा देहविक्रीतून सुटलेल्या मुलींना सांभाळणाऱ्या सिस्टरांच्या एका संस्थेबद्दल कळलं. तिला सहा लाख एकरकमी द्यायचं मनात आहे. देणगीवरच्या ८०जी या करसवलतीमुळे निम्मे पैसे वाचतील, असं तिथे सांगितलं. मुलगी म्हणते, धार्मिक संस्थेला एवढी रक्कम नको. मुलगा कॅनडाचा नागरिक झालाय, तो माझ्या खात्यात दोन लाख पाठवून त्यात भर घालू म्हणतो. काय करू?

उत्तर : बाई, पैसे जरूर द्या. फक्त एकरकमी देऊ नका. माझ्या मते आत्ता एक लाख द्यावेत आणि पाच लाख सिनिअर सिटिझन सेव्हिंग स्कीममध्ये ठेवून त्याचं व्याज पाच वर्षं संस्थेला द्यावं. सध्याच्या ८.२ टक्के दराने पाच लाखांवर दर तिमाहीला १०,२५० रुपये येतात. हा दर पाच वर्षांसाठी पक्का होतो. व्याज तुमच्या बचत खात्यात जमा होईल, तिथून संस्थेच्या खात्यात जाण्याची स्थायी सूचना बँकेला देऊन ठेवा.

असं का सांगते, ते या मुलींच्या गरजांवरून कळेल. सुटका एका रात्रीत होते, पोलीस असतात, बातमी येते, देणग्याही येतात. खरा खर्च त्यानंतर वर्षानुवर्षं चालतो. आधार कार्ड दलालाकडे राहिलेलं असतं आणि जन्माचा दाखला बंगालमधल्या एखाद्या ग्रामपंचायतीत. निवारागृहातून बाहेर पडायची वेळ आली की खोलीचं डिपॉझिट हवं, पहिला पगार हातात येईपर्यंतचा किराणा हवा, मूल असेल तर पाळणाघर हवं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून भरपाई मिळू शकते, पण अर्जामागे कोणीतरी सतत लागावं लागतं. आणि खटला उभा राहतो तेव्हा मुलगी गावी परतलेली असते. साक्षीला यायचं तर दोन दिवसांचा रेल्वेप्रवास, सोबत एक माणूस, राहण्याची सोय. ती आली नाही तर दलाल सुटू शकतो. या कामाला दर तीन महिन्यांनी हमखास येणारे दहा हजार फार उपयोगी पडतात, कारण त्यांच्या भरवशावर समुपदेशक किंवा केस बघणारी कार्यकर्ती टिकवून ठेवता येते. आत्ताचे एक लाख मात्र अशा डिपॉझिटसाठी किंवा साक्षीच्या प्रवासासाठी वापरा, असं पत्रात स्पष्ट लिहून द्या.

तुमच्या बाजूनेही हेच बरं. गुडघ्याचं किंवा हृदयाचं ऑपरेशन निघालं तर तीन लाखांचा मेडिक्लेम पुरेलच असं नाही. मुद्दल तुमच्या नावावर राहिलं तर गरजेला मोडता येतं. वर्षाच्या आत मोडलं तर मिळालेलं व्याज परत जातं; वर्षानंतर दीड टक्का आणि दोन वर्षांनंतर एक टक्का कापतात.

आता ८०जी. निम्मे पैसे वाचतात हा मोठा गैरसमज आहे. देणगीच्या निम्मी रक्कम उत्पन्नातून वजा होते, करातून नाही. शिवाय अशा संस्थांच्या बाबतीत उत्पन्नाच्या १० टक्क्यांपर्यंतचीच देणगी हिशेबात धरतात. पेन्शन आणि व्याज मिळून तुमचं वर्षाचं उत्पन्न साडेसहा लाखांच्या आसपास धरलं, तर सहा लाखांच्या देणगीतले जेमतेम ६५ हजार धरले जातील आणि वजावट मिळेल ३२,५०० रुपयांची. तीही जुन्या करप्रणालीत. नवीन प्रणालीत ही वजावट नाही, पण १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर करच लागत नाही, त्यामुळे तुमचं यात काही अडलेलं नाही. तरीही ८०जीची नोंदणी बघाच. कागदपत्रं वेळच्या वेळी करणारी संस्था आहे का, ते त्यावरून कळतं. रोख काही देऊ नका.

मुलीची शंका रास्त आहे, पण ती धर्मावर अडकायला नको. धर्मभगिनींनी या क्षेत्रात सातत्याने काम केलंय. तुम्ही ज्या दिवशी प्रार्थना केलीत, तो लहानपणी गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या सुदानच्या संत जोसेफिन बखिता यांचा स्मृतिदिन, आणि तस्करीविरुद्ध काम करणाऱ्या धर्मभगिनींचं तालिथा कुम हे जाळं २००९ पासून जगभर पसरलंय. श्रद्धेमुळे माणसं या कामात टिकतात, हे मी मानते. प्रश्न विचारायचा तो वेगळा. मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, न बसणाऱ्या मुलीला तेवढीच माया आणि तीच मदत मिळते का? मुसलमान मुलीला रोजा ठेवता येतो का? ८०जी असलेल्या संस्थेला धार्मिक कामावर वर्षाच्या उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करता येत नाही, तेव्हा ताळेबंद मागून घ्या आणि तुमच्या मुलीलाच वाचायला द्या. सज्ञान स्त्रिया स्वतःच्या मर्जीने राहतात ना, हेही विचारा. त्यांना मनाविरुद्ध संरक्षणगृहात डांबू नये, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये घेतली आहे. अल्पवयीन मुली असतील तर बाल न्याय कायद्याखालची नोंदणी हवी. आणि एका बाबतीत मी अजिबात तडजोड करणार नाही. संस्थेच्या पत्रकात किंवा व्हिडिओत मुलींचे चेहरे दिसत असतील, तर एक रुपयाही देऊ नका. अल्पवयीन मुलीची ओळख उघड करणं गुन्हा आहे, आणि देणगीसाठी तिचा चेहरा वापरणं म्हणजे तिला पुन्हा बाजारात बसवणंच. तुम्हीही मुलींना भेटायचा आग्रह धरू नका. सिस्टरांशी बोला, हिशेब बघा, तेवढं पुरे.

मुलाचे दोन लाख तुमच्या खात्यातून अजिबात फिरवू नका. तो आता परदेशी नागरिक आहे. तुमच्या खर्चासाठी त्याने पाठवलेले पैसे चालतात, पण तेच तुम्ही संस्थेला दिलेत तर ती विदेशी देणगीच ठरते. संस्थेची एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी असेल, तर त्याने थेट तिच्या स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात पाठवावेत. नोंदणी नसेल तर थांबावं, नाहीतर गोत्यात संस्था येईल.

पाच वर्षांनंतर त्या पाच लाखांचं काय करायचं, ते तेव्हा तब्येत बघून ठरवा. मध्येच तुमचं काही झालं तर ते संस्थेला जावेत असं वाटत असेल, तर मृत्युपत्रात लिहा. ख्रिस्ती माणसाने धर्मादाय कामासाठी मृत्युपत्रातून काही ठेवायचं तर पूर्वी भारतीय वारसा कायद्याच्या कलम ११८ ची आडकाठी होती. फादर जॉन वल्लमट्टम यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये ते कलम रद्द केलं, त्यामुळे आता अडचण नाही. मात्र दोन्ही मुलांना हे आधीच सांगून ठेवा.

नऊ लाखांच्या एफडीवर आपोआप नूतनीकरणाची सूचना असेल, तर मॅच्युरिटीच्या तारखेआधी बँकेत जाऊन ती काढून टाका.